हाताचा वाटा

"किती वेळ एकट्यानंच शिडी धरून उभं राहू गं मी? ये ना. काल कशी भर्रकन आली होतीस."

कुरकुर लाडाची होती. हेमाला ती अगदी स्वच्छ ऐकू आली, कारण ती गिरीशच्या खुर्चीमागेच दिवाणावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. पण कुरकुर तिच्यासाठी नव्हती. गिरीशच्या कानांवर हेडफोन होता आणि त्यातून खालच्या मजल्यावरची निलिमा बऱ्हाटे काहीतरी बोलून हसली असणार, कारण आता गिरीशही हसला.

लग्नाला इतकी वर्षं झाली. गिरीश वराडे बायकोवर कुरकुरला तो आमटीतल्या मिठावरून, न सापडणाऱ्या चष्म्यावरून, पाण्याची मोटर चालू राहिली म्हणून. 'ये ना' म्हणून कुरकुरल्याचं हेमाला आठवेना.

डाव संपल्यावर तिनं विचारलं, "तिला 'गं' म्हणता तुम्ही?"

"कोणाला?"

"निलिमाला. गणपतीपर्यंत 'निलिमाताई, तुम्ही' होतं."

"खेळताना अहो-जाहो करत बसलं तर वाक्य संपेपर्यंत शिडी खाली जाते, हेमा."

हेमानं हातातली शेंग गरजेपेक्षा जोरात फोडली. दाणे दिवाणाखाली गेले. 'अहो, जरा डावीकडे घ्या ना' असं म्हणत याच माणसाबरोबर तिनं कित्येक संध्याकाळी शिडी नेली होती, आणि शिडी खरंच खाली गेली होती. पुष्कळदा.

खेळ साधा होता. एका गावाची छपरं, दोन माणसं आणि त्यांच्या हातात एक लांब शिडी. दोघांनी मिळून ती गावाच्या या टोकापासून त्या टोकाला न्यायची. एकानं वळण घेतलं की दुसऱ्याच्या हातातलं टोक फिरतं. एक थांबला की दुसरा छपराच्या कडेवर झुलतो. मुलगी शिकायला बंगळुरूला गेली आणि घरात एकदम फार जागा झाली, तेव्हा दोघांनी तो सुरू केला होता. मग या गणपतीत गिरीश सहज म्हणाला, "थोडे दिवस निलिमाताईंबरोबर सराव करू का? त्यांना जोडीदार नाही." थोडे दिवस किती ताणता येतात, हे हेमाला तेव्हा सुचलं नाही.

आणि निलिमाला हे सगळं शिकवलं कोणी? हेमानं. संगणकाला हुकूम टाइप करायची ती टर्मिनलची काळी खिडकी उघडली तेव्हा "ई, हे बंद कर, काहीतरी बिघडलंय" म्हणून किंचाळलेली बाई ती.

*

जळगावात त्यांच्या सोसायटीचं 'पेंग्विन मंडळ' होतं. जुने संगणक नवी विकतची सिस्टीम पेलेनात आणि भंगारात जायची वेळ आली, तेव्हा कोल्हेकाकांनी सगळ्यांच्या यंत्रांवर फुकटातलं लिनक्स घालून दिलं. कोल्हेकाका वीज खात्यातून निवृत्त झालेले, आयुष्यात काहीच फेकू न दिलेले. पेंग्विन हे लिनक्सचं चिन्ह, म्हणून मंडळाचं नाव. दर रविवारी दुपारी क्लबहाउसमध्ये बैठक. हेमा घरून लग्नपत्रिकांचं डिझाइन करायची, सगळं स्वतःच चुकत-माकत शिकलेली. संगणकाचा पडदा सजवावा तर तिनंच, असं मंडळात मानलं जाई. रंग, चिन्हं, घड्याळाची जागा, खिडकी उघडताना ती कुठून कशी यावी, यातलं तिला जे कळे ते इतरांना दाखवल्यावर कळे.

त्या रविवारीही तिनं टिपा सांगितल्या. "खेळ सुरू करायच्या आधी खिडक्यांची झळाळी बंद करा, यंत्राचा दम तिथे जातो. खेळासाठी वेगळा वर्कस्पेस ठेवा. दुसऱ्या सिस्टीमसाठी लिहिलेला खेळ आपल्याकडे चालवायला मध्ये दुभाष्या प्रोग्रॅम लागतो; एका दुभाष्याला खेळ समजेना तर त्याची जुनी आवृत्ती लावून बघा, लगेच सगळं पुसून बसू नका. आणि सजावट दुसऱ्या मशिनवर न्यायची असेल तर टिंबवाली फोल्डरं विसरू नका. नाहीतर नवरी येईल आणि दागिने घरी राहतील."

सगळ्यांनी मान डोलावली. मग सगळे उठले आणि निलिमाच्या पडद्याभोवती जमले.

निलिमा खेळत होती. ती नेहमीसारखी उशिरा आली होती, शाल लपेटून, जणू जळगावात बर्फच पडलंय. चहा नको म्हणाली. कोल्हेकाकांनी न विचारता तिच्यासमोर अर्धाच कप ठेवला, तोही तिनं तसाच राहू दिला. हेमाला वाटलं, काय हे नखरे. शाळेत चित्रकला शिकवायची तेव्हा पातेलंभर चहा प्यायची ही. वर्षापूर्वी नोकरी सोडली, 'आता स्वतःसाठी जगायचं' म्हणाली, तेव्हापासून नवीनच काहीतरी.

पण खेळत होती सुंदर. तिचा माणूस वळणाआधी शिडीचं टोक किंचित खाली झुकवायचा, जोडीदाराला सांगितल्यासारखं, की आता वळतेय हं. मग अलगद वळायचा. पाहणाऱ्यांच्या तोंडून आपोआप 'वा' निघे. गिरीशचं तोंड त्यात सर्वांत आधी उघडे.

"हातखंड्यानं हिला चांगलीच साथ दिलीय," हेमा म्हणाली.

एकेकाची नजर पडद्यावरून खाली गेली. कोल्हेकाकांनी चष्मा पुसायला घेतला. हेमाला वाटलं, आपण जळतोय हे सगळ्यांना दिसलं. म्हणून ती आणखी जळली.

'हातखंडा' हे गिरीशनं ठेवलेलं नाव. मूळ प्रोग्रॅम जगभरातल्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेला आणि वाटून टाकलेला. गिरीशनं त्याचे मेनू मराठीत आणले होते. शास्त्र असं: हात एखाद्या जागी पोचायला निघाला की त्याचा वेग आधी चढतो, मग उतरतो, आणि चढ कसा आहे यावरूनच उतार कुठे संपणार ते बरंचसं ठरलेलं असतं. उंच उडालेला चेंडू कुठे पडणार हे झेलणाऱ्याला अर्ध्यातच कळतं, तसं. हातखंडा कंट्रोलरवरच्या बोटांची ही निघतानाची चाहूल टिपतो, महिनोन्‌महिने एकाच हाताकडून शिकतो, आणि हात पोचायच्या आत त्याचं काम पुरं करून टाकतो. साठीची बोटं पुन्हा तरणी झाली ती त्याच्यामुळे. सेटिंगमध्ये एकच पट्टी सरकवायची, तिचं नाव 'साथ', तबलजी गवयाला देतो तशी. साथ वाढवली की हाताचा वाटा कमी होतो.

शिकलेलं सगळं, साथीच्या पट्टीसकट, एका फोल्डरमध्ये जातं. त्या फोल्डरच्या नावाआधी टिंब असतं, आणि लिनक्समध्ये नावाआधी टिंब दिलं की वस्तू पदराआड जाते. असते, पण दिसत नाही. मंडळात सजावटीची देवाणघेवाण उघड चाले. हातखंड्याचं फोल्डर मात्र कोणी कोणाला मागत नसे. दात घासायचा ब्रश मागत नाहीत, तसंच.

बैठक मोडताना निलिमा हेमाजवळ आली. "हेमे, भरीत पार्टीला माझा पडदा तू सजवून दे ना. तुझ्यासारखी नजर मला कुठली?"

डिसेंबरअखेर मंडळाची भरीत पार्टी कोल्हेकाकांच्या मळ्यात व्हायची. तिथेच पडदा-सजावटीची आणि जोडीनं खेळण्याची स्पर्धा, बक्षीस केळीचा घड.

"सजावटीला मी, आणि जोडीला?" हेमानं हसत विचारलं. हसू घट्ट बसवलेलं होतं.

"जोडीला तुझा नवरा. वापरून परत करते," निलिमा म्हणाली आणि डोळा मारला. तिनं लॅपटॉप पुढे केला तो दोन्ही हातांनी छातीशी धरून, मूल द्यावं तसा.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी गिरीश बँकेत गेलेला, घर शांत. हेमानं निलिमाच्या लॅपटॉपवरचं सगळं आपल्या यंत्रावर उतरवून घेतलं, टिंबांसकट. तिचीच टीप होती ती. लपलेल्या फाइली दाखवायची कळ दाबली आणि पडद्यावर सगळी टिंबवाली मंडळी पदराबाहेर आली. रंगाचं फोल्डर, चिन्हांचं फोल्डर. आणि हातखंड्याचं.

तिनं आधी प्रामाणिकपणे सजावट केली. निलिमासाठी निळ्यातला कुठला रंग घ्यावा यावर बराच वेळ घालवला. शत्रूचीही साडी आपल्या हातून वाईट नेसवली जाऊ नये, असा काहीतरी अभिमान होता तिचा. मग ती चहा करायला उठली, पाणी ठेवलं, आणि पाणी उकळायच्या आत परत येऊन बसली.

निलिमाचं हातखंड्याचं फोल्डर तिनं आपल्या फोल्डरच्या जागी ठेवलं. स्वतःचं बाजूला जपून ठेवायला विसरली नाही. जळणं एकीकडे, बॅकअप एकीकडे.

तिला फक्त एक संध्याकाळ हवी होती. गिरीशनं तिच्याबरोबर शिडी न्यावी, तिनं वळणाआधी टोक किंचित झुकवावं, आणि त्याच्या तोंडून एकदा 'वा' निघावं. मग ती सगळं जसंच्या तसं ठेवणार होती.

संध्याकाळी गिरीश बाहेरच्या खोलीत आपल्या यंत्रासमोर बसला तेव्हा तिनं स्वयंपाकघरातून हाक दिली. "अहो, आज माझ्याबरोबर नेता का शिडी? मी इथूनच येते. कणीक भिजवायचीय, मध्ये मध्ये बघता येईल."

"ये की," तो म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद होता की उपकार, हे ती ऐकू पाहत राहिली.

ओट्यावर लॅपटॉप ठेवून हेमानं कंट्रोलर हातात घेतला आणि तिचा माणूस थरथरायला लागला.

आधी तिला वाटलं यंत्र बिघडलं. माणूस छपरावर जागच्या जागी हलत होता, भराभर, ठेक्यात. तिनं बोटं स्थिर धरली, तरी तो थरथरत होता. जेवढी बोटं स्थिर, तेवढा जास्त. भरलेली समजून रिकामी बादली उचलली की हात कसा वर उडतो, तसं काहीतरी होत होतं. पडद्यामागे कोणीतरी एका वजनाची वाट बघत होतं आणि ते वजन तिच्या हातात नव्हतं.

वजन कसलं, हे तिला हळूहळू कळलं. हातखंडा निलिमाच्या हातातली थरथर वजा करत होता. एका ठेक्यात येणारी, सेकंदाला चार-पाचदा येणारी थरथर. ती इतके महिने रोज येत होती, म्हणून तो ती येणार असं धरूनच चालत होता. हेमाच्या हातात ती नव्हती. मग उरली ती नुसती वजाबाकी.

तिनं कंट्रोलर ओट्यावर ठेवला.

माणूस शांत झाला. क्षणभर थांबला. आणि मग आपल्या आपणच चालू लागला. छपराच्या कडेशी आला, शिडीचं टोक किंचित खाली झुकवलं, आणि अलगद वळला.

हेमा त्याच्याकडे बघत राहिली. मग तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं कणकेत पाणी घातलं आणि दोन्ही हात मनगटापर्यंत परातीत घातले.

बाहेरच्या खोलीतून गिरीशची बडबड ऐकू येत होती. "हां, हां, असंच. अरे वा! हेमा, काय झालंय तुला आज?" पुढच्या छपरावर तो गप्प झाला. त्याच्या पुढच्या छपरावर त्यानं हाक मारली, वेगळ्याच आवाजात. "हेमा. हे तू कुठून घेतलंस?"

तो दारात आला. परातीतले तिचे हात बघितले, मग पडदा बघितला. पडद्यावर तिचा माणूस शिडीचं टोक धरून कडेशी उभा होता, गिरीशच्या माणसाची वाट बघत.

"मी हात लावलेला नाही," हेमा म्हणाली.

"माहितेय."

"निलिमाचा हात थरथरतो."

गिरीश स्टुलावर बसला. "कंपवात. गेल्या वर्षी कळलं. नोकरी सोडली ती त्याचसाठी. हात नुसता हलत नाही, मधूनच गोठतो. मग हातखंडा शिकला, की हात गोठला तरी हिला पुढे जायचंच असतं. तो तिचं पुढचं पाऊल टाकायला लागला."

"आपोआप?"

"साथ वाढवत नेली की." तो टाइल्सकडे बघत होता. "तिला ती पट्टी धरता येत नव्हती. मी सरकवून द्यायचो. दर आठवड्याला थोडी. दिवाळीत ती टोकाला लागली."

हेमाला वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटत होतंही. पण त्या वाईट वाटण्याच्या खालून दुसरंच काहीतरी वर येत होतं, जुनं, ओळखीचं.

"अजून कोणाला माहितेय?"

"भालचंद्रला तर असणारच, नवराच तो. कोल्हेकाकांना. मंडळात… तशी सगळ्यांनाच कल्पना आहे."

"सगळ्यांना! आणि मला नाही?"

"तिनंच सांगितलं होतं. हेमाला कळू देऊ नकोस."

"का? मी काय केलंय तिचं? टर्मिनल कोणी शिकवलं तिला? तिच्या सासूच्या ऑपरेशनला डबे कोणी नेले?"

गिरीशला सांगायचं नव्हतं, पण परातीतल्या मुठी बघून त्यानं सांगितलं. "ती म्हणाली, जो तो माझी काळजी करतो. नवरा करतो, मुलगा फोनवर करतो, भाजीवालासुद्धा पिशवी वर आणून देतो. हेमा एकटी अजून माझ्यावर जळते. ती जळते तोवर मला वाटतं, माझ्याकडे काहीतरी आहे."

"मी? मी जळते?"

"हेमा, खालच्या मजल्यापर्यंत वास येतो गं."

ती हसली नाही. कणीक फार सैल झाली होती. ती त्यात पीठ घालत राहिली. आपल्या मत्सराचा कोणीतरी आपल्याला न विचारता टॉनिक म्हणून उपयोग करत होतं. आणि त्याहून वाईट म्हणजे तिला आता त्या आजाराचाही हेवा वाटत होता. नवऱ्याला बाजूला घेऊन सांगावं असं काहीतरी त्या बाईकडे होतं. हेमाकडे सांगण्यासारखं काय होतं? गुडघा?

"मग वाईट काय आहे त्यात?" ती शेवटी म्हणाली. "खेळू दे की. यंत्र खेळतंय, तिला बरं वाटतंय."

"पुढच्या सोमवारी नाशिकला तिच्या डॉक्टरांची तारीख आहे," गिरीश म्हणाला. "औषध बदलायचं म्हणतायत, वाढवायचं. ती जायला तयार नाही. म्हणते, हात सुधारतोय. म्हणते, खेळ बघ ना माझा, गणपतीत कशी होते आणि आता कशी आहे. मागची तारीखही तिनं अशीच घालवली. भालचंद्रला वाटतं, खेळ बघून, की सुधारतोय बहुतेक."

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

गिरीशनं ओट्यावर सांडलेलं पीठ बोटानं एका रेषेत ओढलं.

"तुम्ही सांगितलं का तिला, की खेळ तिचा नाही म्हणून?"

"कसं सांगू? ती रोज विचारते, कशी खेळले? आणि ती ज्या तोंडानं विचारते ना…" त्यानं कपाळ चोळलं. "थोडंसंच सरकवत होतो गं मी. प्रत्येक वेळी थोडंसं."

"मग मी सांगते."

"तू सांग," तो म्हणाला, आणि तिच्याकडे बघितलं. "ऐकेल ती? तुझं?"

हेमाला उत्तर ठाऊक होतं. 'तुझा खेळ खरा नाही' हे वाक्य तिनं मनातल्या मनात निलिमाला इतक्यांदा ऐकवलं होतं, इतक्या चवीनं, की आता ते खरं निघालं तरी तिच्या तोंडाला त्याचा जुनाच वास येणार होता.

*

कोल्हेकाकांच्या मळ्यात दुपारी कपाशीच्या काड्यांवर हिरवी वांगी भाजली जात होती. धूर केळीच्या बागेत शिरत होता. बायकांनी भाजलेली वांगी सोलून लाकडी बडगीत ठेचायला घेतली होती, पुऱ्यांची कढई चढली होती, आणि आंब्याखाली मांडलेल्या टेबलावर दोन पडदे लावले होते. सजावटीचं बक्षीस निलिमाच्या निळ्या पडद्याला मिळालं. हेमानं आपल्याच सजावटीसाठी दुसरीच्या नावानं टाळ्या वाजवल्या.

मग जोडीचा खेळ झाला. गिरीश आणि निलिमा शेजारी बसले. निलिमानं शालीतून हात काढून कंट्रोलर मांडीवर घेतला, वर शाल ओढून घेतली. शिडी गावाच्या या टोकापासून त्या टोकाला गेली. एकदाही घसरली नाही. लोक उभे राहिले. केळीचा घड कोल्हेकाकांनी टेबलावर आणून ठेवला.

निलिमाचा चेहरा फुलला होता. तिनं मान वळवून नवऱ्याला हाक मारली. "भालचंद्र, बघितलं ना? आता ते सोमवारचं तेवढं कळवून टाका. कशाला उगाच नाशिकपर्यंत."

भालचंद्र बऱ्हाटे मोठा, भला माणूस. त्याचा चेहरा असा सैल पडला की हेमाला बघवेना. सुटका झाल्यासारखा. त्यानं खिशातून फोन काढला.

"कळवू नका," हेमा म्हणाली.

बडगीतली मुसळी थांबली. निलिमानं हेमाकडे बघितलं, मग गिरीशकडे, आणि मग पुन्हा हेमाकडे. "सांगितलंच का यानं शेवटी?"

"यांनी नाही. मी तुझं हातखंड्याचं फोल्डर घेतलं. लावून बघितलं."

"माझं?" निलिमाचे डोळे मोठे झाले. "कशाला?"

"जळत होते म्हणून."

कोणीतरी खोकलं. निलिमाला हसू फुटलं, खरंखुरं, पोटातून. "अगं बाई! माझं चोरलंस? हेमे, तू? मग, जमलं का?"

"नाही जमलं. म्हणजे, माझ्या हातात तुझा…" हेमा अडखळली. "निलू, मी हात लावला नव्हता, तरी ते…"

"चला, चला, भरीत गार होतंय," कोल्हेकाका म्हणाले. "पात चिरली का गं कोणी कांद्याची?"

"थांबा हो काका. बोलू दे तिला. तरी ते काय, हेमे?"

सगळे हेमाकडे बघत होते. तिला त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं की प्रत्येकाला ते वाक्य माहीत आहे आणि प्रत्येकाची इच्छा आहे की ते हेमानं बोलावं. कारण हेमा बोलली तर ते खरं धरायची गरज नव्हती.

"निलू, नाशिकला जा," ती एवढंच म्हणाली. "एकदा जाऊन ये. मी येते बरोबर."

"आता तूसुद्धा?" निलिमाचा आवाज बारीक झाला. "तू तरी काळजी करू नकोस गं. तू आपली जळ. छान जळतेस तू." ती वळली आणि तिनं खांद्यानं गिरीशला ढोसलं. "चल रे गिरीश, अजून एक डाव टाक. हिला नीट बघू दे."

भालचंद्रच्या हातात फोन होता, अंगठा पडद्यावर. गिरीशनं खेळ सुरू केला. त्याला दुसरं काही सुचलंच नसावं. पडद्यावर छपरं आली, दोन माणसं आली, शिडी आली.

हेमा त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. तिला त्याचा राग येत होता, त्याची कीव येत होती, आणि अजूनही, या क्षणीही, तो त्या खुर्चीत दुसरीच्या शेजारी बसलाय याचं थोडं दुखत होतं. ती वाकली आणि त्याच्या कानाशी म्हणाली, "अहो, माझं ती ऐकणार नाही. मी इतके दिवस नको ते मनात आणलंय. तुमच्यावर तिचा विश्वास आहे."

"हेमा, नको."

"तिचा हात तुम्ही रोज बघता. मी नाही बघत."

पडद्यावर निलिमाचा माणूस चालू लागला होता. निलिमा पुढे वाकून त्याच्याकडे बघत होती, ओठ किंचित उघडे, शाळेतल्या मुलीसारखी. तिच्या मांडीवरची शाल सरकली होती. कंट्रोलर शालीत कुठेतरी निसटला होता, आणि तिचे दोन्ही हात, रिकामे, एकमेकांत घट्ट धरलेले, तरीही हलत होते. तिला ते कळलं नव्हतं. तिचा माणूस कडेशी पोचला, त्यानं टोक खाली झुकवलं आणि तो वळला.

"बघितलंस?" निलिमा म्हणाली. "कशी वळले बघ! गिरीश, तू का थांबलास? ये ना."

गिरीशनं कंट्रोलर टेबलावर ठेवला. हेडफोन काढला. मग त्यानं खुर्ची तिच्याकडे वळवली, तिचे दोन्ही हात आपल्या हातांत धरले, सगळ्यांसमोर, बायकोसमोर, आणि ते थांबेपर्यंत वाट बघितली. ते थांबले नाहीत.

"निलिमा," तो म्हणाला, "दिवाळीपासून मी तुझ्याबरोबर खेळलोच नाहीये."